'केबल : आवश्यकतेनुसार' - एका कंत्राटदार साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
परमआदरणीय कंत्राटदार साहेब,
बिनतारी संच पुरवठा, उभारणी व देखभाल,
मुक्काम : गोंदिया जिल्ह्यात जिथे टेंडर निघेल तिथे.

विषय : आपण बसवलेली अँटेना व तिला जोडलेली वायर यांबद्दल जाहीर आभार.

महोदय,



आपलं नाव मी या पत्रात घातलेलं नाही. ज्या जंगलकाठच्या कार्यालयावर आपली कृपादृष्टी झाली, त्याचंही नाव गाळलं आहे. आपल्यासारख्या निगर्वी माणसांना प्रसिद्धी सोसत नाही, हे मी जाणतो. शिवाय एकाचंच नाव घेतलं तर आपल्या धंद्यातले बाकीचे थोर लोक आपल्याला वगळलं असं समजतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल.

मी बिनतारी संचांची दुरुस्ती करतो. आपण बिल उचलून गेलात की टॉवरवर चढायचं काम माझ्याकडे येतं. आपण वर काय काय ठेवून गेलात, ते त्यामुळे मला अगदी जवळून पाहायला मिळतं. हे आभार त्या दर्शनाचे.

पहिले आभार टेंडरच्या कागदाबद्दल. संचाविषयी त्यात अख्खं पान खर्ची पडलं आहे : २५ वॅट, इतके चॅनेल, अशी स्क्रीन, इतक्या वर्षांची वॉरंटी. पानाच्या तळाशी दोन ओळी : 'अँटेना : १ नग. केबल व किरकोळ साहित्य : आवश्यकतेनुसार.' केबल कुठल्या जातीची, किती मीटर, तिच्यात किती गळती चालेल, अँटेनाला कुठल्या दिशेचं ऐकायचं आहे, यावर अवाक्षर नाही. कार्यालयाने एवढ्या विश्वासाने मोकळी सोडलेली जागा आपण आपल्या मनाप्रमाणे भरलीत. विश्वासाला असा जागणारा माणूस आजकाल मिळत नाही.

त्या जागेत आपण जी केबल आणलीत, तिच्याबद्दल दुसरे आभार. आरजी-५८, जाडी पाच मिलिमीटर, वर स्पष्ट छापलेलं '५० ओहम'. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं, संचाच्या पुस्तकातही ५० ओहम पाहिलं आणि सही केली. आकडा जुळला की माल बरोबर, ही समजूत आपण मोडली नाहीत. कोॲक्सियल केबलमध्ये मधल्या तारेभोवती नुसती हवा असेल तर सर्वांत कमी गळती ७७ ओहमच्या आसपास होते आणि सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमच्या आसपास वाहते. ५० हा त्या दोहोंमधला तडजोडीचा आकडा. संच, केबल आणि अँटेना यांचे ओहम जुळले म्हणजे शक्ती उलटी परतत नाही, इतकंच. वाटेत ती किती मुरते, हे ओहमच्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते केबलच्या तक्त्यात असतं, आणि तो तक्ता दाखवून कोणाचा वेळ घेण्याइतके आपण असंस्कृत नाहीत.

तो तक्ता मी इथे देतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक व्हीएचएफ संच जिथे बोलतात तिथे, आरजी-५८ केबल १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. आरजी-२१३ साडेआठच्या आसपास, एलएमआर-४०० पाचच्या आसपास, आणि अर्धा इंच जाडीची नालीदार तांब्याची केबल पावणेतीन. डेसिबलचा हिशेब घरी ठेवण्यासारखा सोपा आहे : तीन डेसिबल गेले की निम्मं उरतं, सहा गेले की पाव.

आपण ३० मीटर केबल वापरलीत. म्हणजे सहा डेसिबल. संचातून २५ वॅट निघाले, अँटेनापाशी सव्वासहा पोचले. पावणेएकोणीस वॅट आपण केबलला ऊब द्यायला दिलेत. तीच ३० मीटर अर्धा इंची केबल असती तर वर २० वॅटहून जास्त पोचले असते. इटियाडोह धरण तुडुंब भरलेलं असावं आणि पाट जागोजागी फुटलेला असावा, तर टेलवरच्या शेतकऱ्याच्या बांधीत काय येतं, हे अर्जुनी मोरगावात कोणालाही विचारा. धरण दाखवून बिल काढायचं आणि पाटाकडे बघायचं नाही, ही आपली दूरदृष्टी.

बरं, त्या ३० मीटरमध्येही आपली काटकसर दिसते. टॉवरला आणि खोलीपर्यंत लागली त्याहून केबल जास्त होती. कापली असती तर तेवढी गळती तरी वाचली असती. आपण ती वेटोळं करून, बाइंडिंगच्या तारेने करकचून आवळून, खोलीच्या कोपऱ्यात टांगलीत. आवळल्या जागी केबल चेपून चपटी झाली आहे. केबल आतून गोल राहिली तरच तिचे ओहम ५० राहतात. आपण तेवढाही अट्टाहास धरला नाहीत.

तक्रार आली तेव्हा आपण सुचवलेला उपायही मी ऐकला : '५० वॅटचा संच घ्या, सगळं मोकळं होईल.' केवढी ही कळकळ! मोठ्या संचाने कार्यालयाचा आवाज जंगलात थोडा जास्त गेला असता, हे खरं. पण जंगलातल्या माणसाच्या हातात पाच वॅटचा हातसंच असतो. त्याची हाक झाडाझुडपांतून, टेकड्यांवरून अँटेनापर्यंत कशीबशी येते, आणि तिथून खाली येताना आपली केबल तिचाही तीन चतुर्थांश भाग गिळते. कार्यालयातला संच ५० वॅटचा करा नाहीतर ५०० चा, येणाऱ्या हाकेला त्याचा काडीइतका उपयोग नाही. कार्यालय बोलत राहील आणि त्याला कोणाचं ऐकू येणार नाही, अशी व्यवस्था आपण दुप्पट किमतीत करून देणार होतात.

ऐकण्याची किंमत जाणणारेही आहेत. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तिथे आकाशातून येणारा क्षीण संकेत आधी डिशच्या तोंडाशीच वाढवतात, मग तो पुढे ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत आणतात. पहिल्या काही मीटरमध्ये जे गमावलं ते पुढे कुठल्याही यंत्राने परत मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. हे वाचून आपल्याला त्या शास्त्रज्ञांची कीव येईल. बिचाऱ्यांना आपला दर कोणी कळवला नाही.

आता अँटेना. तिच्यासाठी शब्द अपुरे पडतात. आपण यागी बसवलीत. ॲल्युमिनियमच्या दांड्यांची ही अँटेना हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये जगापुढे ठेवली. एकेकाळी दूरदर्शनसाठी घरोघरच्या छपरांवर तिचीच भावंडं होती. फार गुणी वस्तू. एका दिशेचं दुरून ऐकते आणि पाठीमागचं जवळजवळ कानाआड करते. दोन ठराविक ठिकाणं जोडायची असतील तर तिच्यासारखी दुसरी नाही.

मात्र या कार्यालयाची माणसं एका दिशेला राहत नाहीत. ती चहूबाजूंनी फिरतात. तिथे हवी होती उभी, सगळीकडे सारखं ऐकणारी अँटेना. आपण यागी लावलीत आणि तिचं तोंड केलंत गोंदिया शहराकडे. जंगल तिच्या पाठीमागे आलं. मोठ्यांकडे तोंड आणि कामाच्या माणसाकडे पाठ, हा शिष्टाचार आपण लोखंडी टॉवरलाही शिकवलात, याबद्दल आपले पाय धरले पाहिजेत.

इतकंच नव्हे. तिच्या दांड्या आपण आडव्या ठेवल्यात, टीव्हीच्या अँटेनासारख्या. हातसंचाची अँटेना उभी असते, गाडीवरची उभी असते. पाठवणारी उभी आणि ऐकणारी आडवी असली की प्रत्यक्षात २० डेसिबलपर्यंत फटका बसतो, म्हणजे शंभरातला एक भाग हाती लागतो. दांड्या उभ्या करायला एक पाना आणि थोडा वेळ पुरला असता. पण उभ्या दांड्या टॉवरवर शोभून दिसत नाहीत, आणि आपण सौंदर्यदृष्टीचे.

१९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती इंग्रजांच्या रडारची टिपणं लागली. त्यांत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो काय आहे हे वाचणाऱ्या जपान्यांना उमगेना. आपल्याच माणसाचं नाव त्यांना कैद्याकडून कळून घ्यावं लागलं, असं सांगतात. आपली कामगिरी त्याहून सरस आहे. आपल्याला नाव ठाऊक आहे, दरही ठाऊक आहे. ती वस्तू कशासाठी असते एवढंच विचारायचं राहून गेलं.

आता माझ्या सर्वांत मोठ्या कृतज्ञतेकडे येतो : आपला तपासणी अहवाल. त्यात लिहिलंय, 'एसडब्ल्यूआर १.७, समाधानकारक.' हा आकडा अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगतो. एक म्हणजे उत्तम, दोनपर्यंत चालतं. आपण मीटर खाली, संचाशेजारी लावलात. मी वर चढलो, अँटेनाची वायर काढली आणि खाली उभ्या असलेल्या पोऱ्याला मीटर वाचायला सांगितला. तो म्हणाला, 'एक पॉइंट सात, जी.'

वर अँटेना नव्हती, साहेब. केबलचं टोक उघडं हवेत होतं. आणि मीटर समाधानकारक होता.

यात जादू नाही. सहा डेसिबल वर जाताना मुरले, उघड्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरली, आणि खाली येताना पुन्हा सहा डेसिबल मुरले. परतणारी शक्ती मीटरपर्यंत जेमतेम पोचली. म्हणून सडलेली केबल जितकी जास्त खाते तितका मीटर जास्त खूश दिसतो. अँटेनाच्या तोंडाशी खरा आकडा तीन असला तरी या केबलच्या खालच्या टोकाला तो १.३ दिसेल. आपला दोष झाकण्यासाठी आपण वेगळा खर्च केला नाहीत. दोषानेच दोष झाकला. असा अहवाल बनवणाऱ्याला खरं तर गुणवत्ता पुरस्कार मिळायला हवा.

सांध्याबद्दलही बोललं पाहिजे. टॉवरच्या माथ्यावरचा कनेक्टर आपण इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपने गुंडाळलात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात टेपचा गोंद वितळून ती सुटली. मग मृग लागला. मी कनेक्टर फिरवून सोडवला तेव्हा त्यातून पाणी ठिबकलं. केबलचं टोक सोललं : बाहेरचं आवरण चिरा पडलेलं, आतली जाळी इतकी विरळ की तिच्यातून पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं, आणि ती जाळी चकचकीत असण्याऐवजी काळी पडलेली, मधूनमधून हिरवट भुकटी. पाणी जाळीतून वातीसारखं खाली उतरत गेलं होतं. हात-दीड हात कापूनही स्वच्छ तांबं लागलं नाही.

एन जातीचा रबरी वॉशरवाला कनेक्टर, त्यावर एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर उन्हापासून राखणारी टेप, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला पाणी निथळण्यापुरता खाली झोळ. एवढं केलं असतं तर रोवणीचा सगळा हंगाम कोरडा निघाला असता. पण मग आपल्या देखभालीच्या कराराला अर्थ काय उरला असता? पुढच्या वर्षीची आपली गरज आपण यंदाच पेरून ठेवलीत.

विजेबद्दल मात्र हात जोडून विनवणी. पूर्व विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाशी विजा कशा कोसळतात ते आपल्याला सांगायला नको. धानाच्या बांधीत राबणारी माणसं दरवर्षी त्यात जातात. उंच टॉवर हे विजेला दिलेलं आमंत्रण असतं. म्हणून केबलचं बाहेरचं कवच टॉवरच्या पायथ्याशी जमिनीला जोडायचं, केबल खोलीत शिरते तिथे अरेस्टर बसवायचा आणि त्याची जाड तार थेट अर्थिंगच्या सळईला न्यायची. आपण अरेस्टर बसवलात. तो बिलात आहे. त्याची हिरवी तार आपण खिडकीच्या गजाला गुंडाळलीत. त्या गजाखाली वायरलेस ऑपरेटरची खुर्ची आहे. साहेब, इथे माझं सौजन्य संपतं. ती तार मी त्याच दिवशी सोडवली. त्या खुर्चीवर माणूस बसतो.

आपण म्हणाल, चाचणी तर झाली होती. झाली होती, मी नाकारत नाही. आपला माणूस हातसंच घेऊन फाटकापाशी उभा राहिला, म्हणाला 'हॅलो, आवाज येते का जी', आणि आतून उत्तर आलं, 'स्पष्ट येते.' फाटक आणि खोली यांत हाकेचं अंतर आहे. तिथे संच बंद ठेवला असता तरी आवाज आला असता.

खरी चाचणी फाटकाबाहेरच्या जंगलात होते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल दाट आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. गोंदिया आणि भंडारा मिळून त्याचा गाभाच ६५६ चौरस किलोमीटरचा आहे. या जंगलांत कितीतरी वाटांवर मोबाइलला रेंज नसते. मोहफुलांच्या आणि तेंदूच्या दिवसांत वणवा लागतो, तेव्हा पहिली खबर देणारा माणूस पायी असतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तो आपण पाहिलात. अशा वेळी वीज जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी पाण्यापलीकडे अडकते. मग उरतो बिनतारी संच. त्याच्या आणि माणसाच्या जिवाच्या मध्ये आपली पाच मिलिमीटरची केबल असते.

त्या कार्यालयातला गस्तीवरचा एक माणूस मला म्हणाला, 'आमी बोलतो जी, पण तिकडं कोणी ऐकतच नाही. मग आमी बोलणंच सोडलं.' हे वाक्य मी आपल्यापर्यंत पोचवतो, कारण ते आपल्या केबलमधून पोचणार नाही. संच नादुरुस्त झाला तर दुरुस्त करता येतो. हाक मारून उपयोग नाही अशी माणसाची खात्री झाली, तर ती कुठल्या वॉरंटीत बसत नाही.

यापुढचं लिहिणं आपल्यासाठी नाही, साहेब. ते टेंडर लिहिणाऱ्यांसाठी, सरपंचांसाठी, राइस मिलच्या मालकांसाठी, शाळेसाठी दूरच्या टॉवरवरून इंटरनेट आणणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

आधी नकाशा काढा : माणसं कुठे कुठे असतात आणि मध्ये टेकडी कुठे आहे. सपाट जमिनीवर १० मीटर उंचीच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज सुमारे १३ किलोमीटर असतं, ३० मीटरवर ते साडेबावीसच्या घरात जातं; म्हणून उंचीवर खर्च करा. माणसं चहूकडे असतील तर सर्व दिशांची उभी अँटेना, ठिकाण एकच असेल तर त्या दिशेची यागी. विक्रेता 'इतके डेसिबल गेन' म्हणाला तर ते डीबीआय की डीबीडी हे विचारा, दोहोंत २.१५ चा फरक आहे आणि मोठा दिसणारा आकडा बहुधा पहिल्यातला असतो.

मग केबल. टेंडरमध्ये तिच्यासाठी वेगळी ओळ लिहा : जात, लांबी, आणि आपल्या वारंवारतेवर एकूण गळती दोन डेसिबलच्या आत. वारंवारता वाढते तशी गळती वाढते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झवर हीच आरजी-५८ एका मीटरमागे एक डेसिबलच्या आसपास खाते; तिथे लांब केबल टाकूच नका, रेडिओच अँटेनापाशी वर चढवा आणि खाली नेटवर्कची वायर आणा. आवरण काळं, उन्हाला टिकणारं घ्या.

बिल मंजूर करण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहा. मीटर अँटेनाच्या तोंडाशी लावून वाचा. अरेस्टरची तार सळईपर्यंत जाते का, हे तिच्यावर हात धरून शेवटापर्यंत चालत जाऊन बघा. आणि चाचणी फाटकापाशी घेऊ नका. हातसंच घेऊन सर्वांत लांबच्या नाक्यावर जा, तिथून बोला, आणि कार्यालयात ऐकणाऱ्याने तुमचे शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय सही करू नका.

संच सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घ्या. चांगल्या अँटेनावरचा आणि चांगल्या केबलवरचा दहा वॅटचा साधा संच या २५ वॅटच्या महागड्या संचापेक्षा दूर बोलतो आणि दूरचं ऐकतो. २५ वॅटचे पैसे मोजून सहा वॅट घेणाऱ्या कार्यालयाचा तोटा कागदावर कुठेच दिसत नाही. तो जंगलात एकट्याने हातसंच धरून उभा असलेला माणूस भरतो.

कळावे.

आपल्यानंतर टॉवरवर चढणारा,
एक बिनतारी कारागीर